‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला मरीन टँकमध्ये मासे मारतो

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला तोंडोतोंडी आणि व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. मासा अचानक खायचा थांबला तर घाबरू नका, तो नखरे करतोय; चार-पाच दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल. तरीही नाही खाल्लं तर खाण्याला लसणाचा रस चोळा, हीटर ३० अंशांवर न्या, पाण्यात थोडं मीठ वाढवा. आणि अंगावर पांढरे ठिपके दिसले तर टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध) टाका.

यातलं बरंचसं गोड्या पाण्यातून जसंच्या तसं उचललेलं आहे. तिथे त्यातल्या काही गोष्टी चालतात. खाऱ्या पाण्यात मात्र यातली प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी लागते.

‘नखरे करतोय, चार-पाच दिवस थांबा.’ दुकानातून नुकताच आणलेला मासा दोन-चार दिवस तोंड उघडत नाही, हे खरं. प्रवास, नवं पाणी, नवे शेजारी, सगळंच त्याला अनोळखी असतं. पण महिनोन्‌महिने काचेजवळ येऊन खाणारा निमो किंवा टँग एका संध्याकाळी खाण्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा ते आजाराचं लक्षण समजायचं. बऱ्याचदा तेच पहिलं लक्षण असतं. व्हेल्वेट हा रोग ॲमायलूडिनियम नावाच्या परजीवीमुळे होतो आणि तो आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर काही दिसायच्या आत माशाचा श्वास कोंडायला लागतो आणि खाणं सुटतं. तिथून दोन-तीन दिवसांत मासा जाऊ शकतो. चार-पाच दिवस थांबणाऱ्याच्या हाती औषध द्यायला मासाच उरत नाही.

म्हणून खाण्याचा डबा बाजूला ठेवा आणि आधी कल्ले बघा. झाकणांची उघडझाप १५ सेकंद मोजून चारने गुणा आणि त्याच जातीच्या निरोगी माशाशी ताडून पाहा. मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड देऊन उभा आहे का, उजेड टाळतोय का, पृष्ठभागाशी धापा टाकतोय का? टँकचे दिवे मालवून बाजूने तिरका टॉर्च मारा. व्हेल्वेट असेल तर अंगावर बारीक सोनेरी-करडी भुकटी पसरल्यासारखी दिसते, सुटे ठिपके नव्हे; सुटे पांढरे ठिपके हे मरीन इच या दुसऱ्या रोगाचे. निमोच्या अंगावर पांढरट शेंबडासारखा थर असेल तर ब्रुकलिनेला हा तिसराच रोग असण्याचा संभव जास्त, आणि त्यावर कॉपर चालत नाही.

त्याच तासाभरात पाणी तपासा. अमोनिया शून्यच हवा; ८.२ पीएचला थोडासुद्धा जाचतो. क्षारता (पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात मोजलेला) १.०२५ च्या आसपास हवी. ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावलेला असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर लावून घ्या. अमोनिया निघाला तर त्याच क्षारतेचं आणि तापमानाचं पाणी करून एकचतुर्थांश ते निम्मं बदला. उरलेलं खाणं दहा-पंधरा मिनिटांत पिपेटने काढत जा. न खाणाऱ्या माशासमोर दिवसातून चार वेळा खाणं टाकत राहिल्याने अमोनियाच वाढतो. टँकमध्ये नुकताच नवा मासा सोडला असेल तर लांब बसून दहा मिनिटं निरखा. दादागिरी चालू असेल तर मार खाणाऱ्याला भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात त्याच टँकमध्ये वेगळं ठेवा, तिथे तो बऱ्याचदा खायला लागतो.

‘भूक लागली की खाईल.’ सगळ्या जातींना हे लागू नाही. ऑर्नेट किंवा मेयर्स बटरफ्लायसारखे मासे निसर्गात प्रवाळांचे पॉलिपच खाऊन जगतात. डबाबंद खाणं हे अन्न आहे, हेच त्यांना कळत नाही आणि ते भुकेने मरतात. अँथियास दिवसभर प्लवक टिपणारे. चार दिवसांच्या उपासात ते पार खंगतात. उलट लायनफिश पोट भरलेलं असताना काही दिवस सहज काढतो. आणि बांगाई कार्डिनलचा नर तोंड मिटून, हनुवटी फुगवून, न खाता कोपऱ्यात थांबला असेल तर त्याला त्रास देऊ नका. त्याच्या तोंडात अंडी आहेत. अंडी आणि मग पिल्लं मिळून जवळजवळ महिनाभर तो काही खात नाही.

पाणी आणि कल्ले ठीक असतील तरच खाण्याचा विचार करायचा, आणि इथे वास-चवीपेक्षा हालचाल जास्त कामाची. जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) त्याच्या अंड्यांपासून घरी काढता येतो: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, सुमारे २ ग्रॅम अंडी, २८ अंश तापमान, जोरदार हवा आणि उजेड. २४ तासांत पिल्लं निघतात. मात्र नुसत्या आर्टेमियावर मासा पोसला जात नाही. तोंड उघडलं की मायसिसकडे (कोळंबीसारखाच, पण मोठा जीव) वळवा. कॉपरबँड बटरफ्लाय माशासाठी किनारपट्टीवरच्या वाचकांकडे सोय आहे, बाजारातल्या तिसऱ्या (शिंपल्या). धुऊन दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग सुरीने उघडून मांसासकटची शिंपली दगडाला टेकवून ठेवा. मासा आधी लांबून तिरका होऊन बघतो, मग चोच घालून कडेचा मऊ भाग तोडतो. तासाभराने शिंपली बाहेर काढा. टँगसाठी बिनमसाल्याची नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा) चिमट्याने काचेला लावा.

‘लसूण चोळा.’ वासाने एखादा मासा खाण्याकडे वळला तर चांगलंच. पण लसणाने मरीन इच किंवा व्हेल्वेट बरा होतो याला आधार नाही, आणि जो मासा तोंडच उघडत नाही त्याच्या पोटात तो जाणार कसा? लसणावर घालवलेले तीन दिवस हेच याचं खरं नुकसान.

‘तापमान आणि मीठ वाढवा.’ गोड्या पाण्यातल्या इचवर ३० अंशांचा उपाय चालतो. मरीन इच म्हणजे क्रिप्टोकॅरियन. त्या उष्णतेने तो मरत नाही, त्याचं चक्र फक्त वेगाने फिरतं. शिवाय २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. ज्याचे कल्ले आधीच खराब आहेत त्याचा श्वास आपणच तोडतो. मुंबईच्या मे महिन्यात वीज गेली की टँक आपोआपच ३० च्या वर जातो, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हवाच. मिठाचं तर पूर्ण उलट आहे: क्रिप्टोकॅरियनवरचा एक मान्य उपाय म्हणजे क्षारता १.००९ पर्यंत उतरवणं. तेही वेगळ्या टँकमध्ये, दोन दिवसांत हळूहळू. व्हेल्वेटवर हा उपायही चालत नाही.

‘टँकमध्ये कॉपर टाका.’ प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी त्याने मरतात. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे पातळी कधीच स्थिर राहत नाही. कॉपर द्यायचं ते ४०-६० लिटरच्या, दगड-वाळू नसलेल्या क्वारंटाइन टँकमध्ये (आजारी माशाच्या वेगळ्या टँकमध्ये): स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस. चिलेटेड (दुसऱ्या संयुगाशी बांधलेलं) कॉपर साधारण २ ते २.५ पीपीएम, रोज मोजून, ३० दिवस. आयनिक (सुट्या कॉपरच्या) औषधांची पातळी याहून खूपच कमी असते, म्हणून बाटलीवरचा प्रकार वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. कॉपर चालू असताना अमोनिया निष्क्रिय करणारी औषधं घालू नका. त्यांच्यामुळे कॉपर जास्त विषारी होऊ शकतं. कॉपरने स्वतःच भूक मंदावते, हेही धरून चाला. व्हेल्वेटचा संशय पक्का असेल तर क्वारंटाइनमध्ये सोडण्याआधी गोड्या पाण्याची बुडी द्या: क्लोरीन काढलेलं, तेच तापमान, खायच्या सोड्याने जुळवलेला पीएच, एअर स्टोन चालू, ३ ते ५ मिनिटं. मासा आडवा पडून सावरत नसेल तर लगेच बाहेर काढा. याने तात्पुरता आराम पडतो, रोग जात नाही.

ठिपके गळून पडले म्हणजे मासा बरा झाला, असं नाही. मरीन इचचा परजीवी तळाशी जाऊन कोश करतो. तो बहुधा ३ ते २८ दिवसांत फुटतो, पण ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. म्हणूनच मुख्य टँक ७६ दिवस एकाही माशाविना ठेवायची पद्धत आहे. प्रवाळ आणि गोगलगायी तिथेच राहू शकतात.

सल्ल्यात नसलेली एक गोष्ट: मासा खाणं तोंडात घेऊन थुंकतो, पोट आत गेलंय आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. थोडंफार खात असेल तर मेट्रोनिडॅझोल खाण्यात मिसळून द्या. अजिबात खात नसेल तर क्वारंटाइनच्या पाण्यात ४० लिटरला २५० मिलीग्रॅम, दर ४८ तासांनी, प्रत्येक मात्रेआधी पाव भाग पाणी बदलून.