नानांची जिलेबी आणि अण्णांचा पहारा

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या ओटल्यावर सकाळी फिरून आलेली मंडळी पोह्यांसाठी थांबतात. त्यात निम्म्याहून जास्त शुगरवाले, त्यामुळे "काय म्हणता?"च्या आधी "फास्टिंग किती?", म्हणजे उपाशीपोटीची शुगर, विचारलं जातं. परवाच्या रविवारी पोह्यांवर शेव-जीरावन पडलं, नानांचा हात हळूच जिलेबीकडे वळला, आणि अण्णांनी जिलेबीचा कागद उचलून थेट आपल्या मांडीवर ठेवला.

"ही कुठली दोस्ती रे?" नाना भडकले. "घरी बायको हेच करते. इथेही तेच होणार असेल तर मी घरीच बसतो की."

"बस. उद्या पाय कापायची वेळ आली की दवाखान्यात आम्हीच येणार आहोत डबा घेऊन."

हे वाक्य मला पटलं नाही, आणि तसं मी म्हणालोही. शुगरवाल्याशी बोलायचं म्हणजे आधी त्याचा पाय कापायचा, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. पण घाबरलेला माणूस पायाकडे बघायचंच टाळतो. खरं म्हणजे रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायला हव्यात, कारण पाय बधिर असला तर चप्पल चावलेलीसुद्धा कळत नाही. अण्णांना विचारलं, "तुम्ही बघता का?" अण्णा म्हणाले, "विषय जिलेबीचा चाललाय."

मन्या तोवर गप्प होता. पंचविशीतला पोरगा, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. तो म्हणाला, "काका, जिलेबीला फाशी आणि पोह्यांना माफी, हे काही बरोबर नाही. पोहे म्हणजे तांदूळच. पचले की त्यांचीही साखरच होणार. तुमची तर ही दुसरी प्लेट आहे."

ओटल्यावर जो हशा पिकला! इंदुरात पोह्यांवर बोट ठेवायचं म्हणजे धाडसच. मन्याचं म्हणणं एवढंच होतं, की अर्धी प्लेट घ्या, वर मटकीची उसळ घाला आणि खाल्ल्यावर इथे तासभर राजकारण करत बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाला.

नानांना तेवढ्यात चेव आला. अण्णांच्या मांडीवरचा एक वेढा त्यांनी उचललाच, तोंडात टाकला आणि बोट पुढे केलं. "काढ तुझं मशीन. बघू किती आभाळ कोसळतं ते." अण्णांच्या पिशवीत ग्लुकोमीटर कायम असतो. सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. ३१२! सगळे चिडीचूप. अण्णांचा चेहरा मात्र असा उजळला, की मित्राची शुगर वाढलेली बघून इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"हात धुतले होते का?" मन्याने विचारलं.

पाक अजून बोटाला होता. नानांनी नळावर साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, दुसरं बोट, दुसरी पट्टी. १४८.

"पट्टी फुकट येत नाही," अण्णा पुटपुटले.

पण खरा वाद पुढेच पेटला. नाना म्हणाले, "ऐका. मी लॅबला जायच्या आधी दोन दिवस नुसती भाजी आणि ताक घेतो. फास्टिंग छान येतं, तेच तुम्हाला सांगतो. वाईट आकडा सांगितला की तुमची तोंडं बघवत नाहीत."

आता ही परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी फास्टिंगपुरती चालते. एचबीएवनसीला ती चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ती चाचणी मोजते, म्हणजे दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब एकदम बाहेर येतो. नानांचाही आला होता, ८.९. तो त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. माझ्या मते त्या सकाळची सगळ्यात वाईट गोष्ट ही होती. त्या एका वेढ्याने काही मोठं बिघडलं नसतं.

"मग काय, बघत बसायचं?" अण्णांचा आवाज चढला. "माझी साडेनऊवरून पावणेसातवर आली ती कोणीतरी टोकलं म्हणूनच ना! २०२३ साली आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, पाहणी छापून आली, देशात १० कोटींहून जास्त शुगरवाले. सगळ्यांनी एकमेकांचे लाडच करायचे का?" अण्णांचंही खोटं नव्हतं. काही माणसांना टोकलेलं मानवतं.

बेबीताई म्हणाल्या, "अण्णा, टोकणारे घरोघरी पुरेसे आहेत. गेल्या अनंत चतुर्दशीला आमच्या ह्यांचं काय झालं, आठवतंय ना?"

आठवणार नाही कसं? झांक्या, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतले देखावे, बघायला सगळे मिळून गेलो होतो. बेबीताईंच्या ह्यांनी संध्याकाळची शुगरची गोळी घेतली होती आणि जेवण मात्र बाहेर करू म्हणून राहून गेलं. गर्दीत घामाने शर्ट ओला झाला, हात थरथरायला लागले, मग उगाचच बेबीताईंवर खेकसले आणि असंबद्ध बोलू लागले. कोणीतरी म्हणालं, "लावून आलेत." कोणी गार पाणी आणलं, अण्णांनी धावत जाऊन मावाबाटी आणली. मन्याने ती बाजूला केली. तुपाखव्यात साखर लवकर चढत नाही. चहाच्या गुमटीवरून अर्धा ग्लास पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली, मशीन लावलं तर ५४. सत्तरच्या खाली गेली की शुगर 'लो', म्हणजे कमी झालीच. पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८८, मग पोळी-भाजी. माणूस शुद्धीवर नसता तर तोंडात काहीच घालायचं नव्हतं, सरळ दवाखाना. हे मन्याने नंतर चारचारदा बजावलं.

"त्या दिवशी आम्हाला साखर पाजणारा हवा होता," बेबीताई म्हणाल्या, "साखर हिसकावणारा नाही."

एवढ्यात बंडूभाऊंनी कारल्याच्या रसाचा विषय काढला. तो निघतोच. त्यांनी एकदा मन्यालाही सांगितलं होतं, सुई सोड, रस घे. मन्या तेव्हा हसला होता, या वेळी हसला नाही. "भाऊ, माझ्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. लहानपणी गोड खाल्लं म्हणून नाही, शरीरानेच ते बनवणाऱ्या पेशी मारल्या. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच्या आधी माझ्यासारखी पोरं फार दिवस काढत नसत. वजन उतरवून कोणाच्या गोळ्या कमी होतात, त्या डॉक्टर करतात. माझी सुई सुटत नाही." बंडूभाऊंनी बाटली पिशवीत ठेवली. ते कितपत पटले, देव जाणे.

निकाल असा काही लागला नाही. अण्णा म्हणाले, मी बोलणारच. नाना म्हणाले, मग मी खोटं सांगणारच. बेबीताईंनी एवढंच ठरवून घेतलं, की नानांनी आकडा खरा सांगायचा आणि तो ऐकल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारायचा, भाषण नंतर.

मंगळवारी नानांनी चहा यायच्या आधीच जाहीर केलं, "काल जेवणानंतरची, २३८."

अण्णांनी तोंड उघडलं. बेबीताईंकडे बघितलं. मिटलं. परत उघडलं.

"काय जेवला होतास?"

"साडूकडे पुरणपोळी होती."

"किती?"

"तीन."

"तीन!" अण्णा उठून उभे राहिले. "चल, चहा नंतर. आधी बागेला दोन फेऱ्या."

"एक," नाना म्हणाले आणि चपला शोधायला लागले.