एकहाती व्हॅन आणि माझा लोहचुंबक

आमचं बजेट इतकं अंग चोरून बसलं होतं की नव्या व्हॅनचा विषय निघायच्या आतच संपला. मग जुनी बघायला निघालो. खिशात रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक.

"फक्त 40,000 किलोमीटर चाललीय, एकहाती गाडी," पहिले मालक म्हणाले. मी वाकून पेडलं बघितली. क्लचचं रबर पार गुळगुळीत. एवढ्यात ते इतकं झिजायचं तर तो एक हात नव्हे, पाय हत्तीचा असणार!

दुसरीच्या बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. "तुम्ही येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवली." अहो, गार इंजिन कसं सुरू होतं तेच तर बघायचं होतं! निळा धूर आला तर इंजिन ऑइल पितंय एवढं मलाही कळतं. तो बहुधा मी यायच्या आत हवेत विरला होता.

तिसरी मात्र नवरीसारखी चकाकत होती. टायर नवेकोरे, म्हणे. टायरच्या कडेवर आकडे होते 1416, म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. मग रुमालासकट चुंबक मागच्या चाकाच्या कमानीवर टेकवला. पडला. उचलून वीतभर वर लावला, घट्ट चिकटला. तिथून हळूहळू खाली सरकवत आणला, तर एका ठिकाणी त्याने पुन्हा जीव सोडला. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला. मालक शांतपणे म्हणाले, "तुमचा चुंबक वीक असेल." मी तो त्यांच्या किल्ल्यांना लावला, तर अख्खा जुडगा उचलला गेला. पुढचं संभाषण फारसं लांबलं नाही.

चौथ्या मालकांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. इथे पोचे, तिथे गंज, सरकता दरवाजा रुळात अडकतो, टायमिंग बेल्ट बदललाय, ही पावती. सगळ्या पावत्यांवरचे किलोमीटर ओळीने वाढत गेलेले. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल काळं, पण दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं दिसत नव्हतं. आता घासाघीस कशावर करायची? तरी घसा खाकरलाच.

"सांगितलेले दोष वजा करूनच किंमत लावलीय," ते म्हणाले.

घेतली. दरवाजा थोडा उचलून, खांद्याने रेटून मागे ओढायचा असतो. बायकोला पहिल्या दिवशी जमलं. मी अजून ड्रायव्हरच्या सीटवरून रांगत मागे जातो.