तीन रात्री आणि शून्य नॅनोसेकंद

माझा संगणक इतका मंदावला होता, की बटण दाबून मी आंघोळ उरकून आलो तरी तो डोळेच चोळत असायचा. भाचा म्हणाला, "मामा, रॅम वाढव. आठ जीबीत हल्ली ब्राउझरसुद्धा मावत नाही." रॅम म्हणजे चालू काम हाताशी ठेवायची संगणकाची स्मृती; वीतभरही लांब नसलेली पट्टी ती. तिला निवडायला असा कितीसा वेळ लागणार?

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, पण दिसायला जुळ्या बहिणी. दोघींना २८८ पिनाच, फक्त मधली खाच जराशी सरकलेली. त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. मात्र ती बसत नाही हे घरी आणल्यावर कळतं. मी आधीच कॅबिनेट उघडलं, चार वेळा शिंकलो आणि वाचलं: डीडीआर४.

मग वेगाचे आकडे. एका पट्टीवर ३२००, दुसरीवर २५६००. मी अर्थातच दुसरीकडे झुकलो. तर दोन्ही एकच! एका खेपेला आठ बाइट जातात, म्हणून ३२०० ला आठाने गुणलेलं. बरं, ते ३२०० तरी सरळ असावं? घड्याळ चालतं १६०० मेगाहर्ट्झनं. दर ठोक्याला दोन खेपा होतात म्हणून दुप्पट लिहायचं. मीही रोज ऑफिसला जातो आणि परत येतो, पण माझा पगार कोणी दुप्पट लिहीत नाही.

खरा घोळ घातला तो सीएलने, म्हणजे मागितलेली माहिती द्यायला पट्टी किती ठोके घेते त्या आकड्याने. हा आकडा लहान असलेला बरा. पण ३२०० ची पट्टी सीएल १६ ची, आणि ३६०० ची सीएल १८ ची. एकीचा वेग जास्त, दुसरीचा सीएल कमी. तीन रात्री मी कूस बदलत होतो. चौथ्या दिवशी वहीत भागाकार केला. १६ ठोके १६०० ने, १८ ठोके १८०० ने. दोन्हीकडे वाट बघायची ती १० नॅनोसेकंदच.

शेवटी ३२०० च्या, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. रंगीत दिवेवाल्या नाहीत. कॅबिनेट टेबलाखाली असतं, तिथे दिवाळी कोणासाठी करायची? प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, एवढं भाच्यानं बजावलं होतं. पट्टी दाबताना मदरबोर्ड असा वाकला, की माझ्याच बरगड्या दुखल्या. मग 'कट्'.

संगणक सुरू झाला. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, वेग दिसला २१३३.

"फसवलं!" मी ओरडलो.

"एक्सएमपी चालू कर," भाचा म्हणाला. पट्टीला छापील वेगाने पळवणारी ती बायोसमधली सेटिंग. केलं. ३२०० आले. तेवढ्यात त्यानं जुनी पट्टी उचलून उजेडात धरली. तिच्यावरही ३२०० च छापलेलं.

"मामा, हिला चार वर्षांत एक्सएमपी कधी चालू केलं होतंस?"

"कसलं एक्सएमपी?"

तो काहीच बोलला नाही. जुनी पट्टी त्यानं नव्या पट्टीच्या रिकाम्या वेष्टनात नीट सरकवली आणि खिशात घातली. मीही ती परत मागितली नाही.