पिंजरे धुणारे, रोग घरी आणणारे, दगडाच्या काळजाचे: एका फिरत्या मजकुराला उत्तर

रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थांमधल्या प्राणीगृहांबद्दल एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. शब्द बदलतात, सूर तोच. तिथे प्राणी सांभाळणारे म्हणजे पिंजरे धुणारे गडी, दाणापाणी घालायला शिक्षण कशाला लागतं? ही माणसं अंगावरून रोग घरी आणतात, चार हात लांब राहा. काळीज दगडाचं असेल तरच हे काम जमतं. आणि आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, तर प्राणी हवेतच कशाला? शेवटी सल्ला असतो की पोरांना या नोकरीच्या नादी लागू देऊ नका.

मी हेच काम करते, त्यामुळे मला तटस्थ समजू नका. या मजकुरात एका ठिकाणी तथ्य आहे, लिहिणाऱ्याने ते भलत्याच जागी शोधलंय एवढंच.

आधी धुण्याबद्दल. हो, पिंजरे धुतो. पण संसर्ग दिलेल्या प्राण्याचा पिंजरा थेट नळाखाली जात नाही. तो भुशासकट ऑटोक्लेव्हमध्ये जातो, दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत. आतले सगळे जंतू खरंच मेले का, हे यंत्राच्या हिरव्या दिव्यावर सोडत नाहीत. उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंची कुपी ठरावीक काळाने मालाच्या मधोमध ठेवतात आणि नंतर ती उबवून बघतात. कुपीत वाढ दिसली तर ऑटोक्लेव्ह बंद, चौकशी सुरू. हे सगळं पार पडल्यावर मग भुसा उपसायचा आणि मग धुणं.

आणि धुणं हा त्यातला सोपा भाग. दिवसाचा खरा कस लागतो तो बघण्यात. उंदीर हा दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी, आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे. माणूस जवळ आला की अगदी टेकीला आलेला उंदीरही चार पावलं चालून दाखवतो. म्हणून पिंजऱ्याला हात लावायच्या आधी लांबूनच पाहायचं. पाठीला पोक आलंय का, केस फिस्कारलेत का, डोळे बारीक झालेत का. वेदनेत असलेल्या उंदराचा चेहरा बदलतो. डोळे आवळतात, नाक आणि गाल फुगीर दिसतात, कान आणि मिशांची ठेवण बदलते. २०१० मध्ये या पाच खुणांना गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. घरट्यासाठी नवा कापूस टाकला की धडधाकट उंदीर लगेच तो ओढून न्यायला लागतो. कापूस तसाच पडून राहिला, तर त्या पिंजऱ्याची नोंद करायची. रॅटच्या, म्हणजे उंदराच्या आकाराने मोठ्या भावंडाच्या, डोळ्याभोवती लाल कडा दिसली की नवखा माणूस रक्त समजून घाबरतो. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. निरोगी रॅट ते पंजांनी पुसून टाकतो. ते साचून राहिलं याचा एक अर्थ असा की त्याने अंग साफ करणं सोडलंय.

आता ज्याला 'दाणापाणी' म्हणून हिणवलंय ते घ्या. बाटलीच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. उलट नळी गळली तर रातोरात भुसा भिजतो. उंदराला आरामाचं तापमान सुमारे ३० अंश, आणि खोली असते माणसाच्या सोयीने त्याहून बरीच थंड. वीस-पंचवीस ग्रॅमचा तो जीव ओल्या भुशात गारठून मरतो. सकाळी कुणी बाटलीकडे पाहिलंच नाही, तर ते मरण रोगाच्या खात्यावर जमा होतं आणि अभ्यासाचा आकडाच चुकतो. गिनी पिगचं शरीर माणसासारखंच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, आणि खाद्यातलं क जीवनसत्त्व साठवणीत उतरत जातं. तेव्हा पोत्यावरची तारीख वाचणं हेही कामच.

'कुणीही करेल' याला आणखी एक उत्तर आहे. उंदराला शेपटीला धरून उचललं की तो पुढच्या वेळी हाताला बिचकतो, घाबरट वागतो. नळकांड्यातून किंवा ओंजळीत उचललं तर तसं होत नाही. हेही २०१० मध्येच प्रयोगांनी दाखवलं गेलं. २०१४ मध्ये तर असं दिसलं की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि वेदनेला त्यांचा प्रतिसाद दबतो. (आमच्या पुरुष सहकाऱ्यांना यावरून अजून टोमणे बसतात.) प्राण्याला कोण आणि कसं हाताळतं, त्याने निकाल हलतो. मग हे काम कुणाच्याही हाती कसं सोपवायचं?

रोग घरी आणण्याच्या मुद्द्यावर टोलवाटोलवी करणार नाही. १९६७ मध्ये जर्मनीतल्या मारबर्ग आणि फ्रँकफर्ट इथे आणि बेलग्रेडमध्ये, युगांडाहून आणलेल्या माकडांमुळे एक अनोळखी विषाणू पसरला. ३१ जण आजारी पडले, ७ दगावले. माकडांच्या ऊतींवर काम करणाऱ्यांकडून तो घरच्यांना आणि उपचार करणाऱ्यांनाही लागला. १९९७ मध्ये अमेरिकेत माकडांजवळ काम करणाऱ्या एका तरुणीच्या डोळ्यात प्राण्याच्या अंगचा द्रव उडाला आणि हर्पीस बी विषाणूने काही आठवड्यांत तिचा जीव गेला. आज माकडांच्या खोलीत डोळे झाकल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, त्यामागे अशी मरणं आहेत.

पण मजकूर तिथेच थांबतो, पुढचं सांगत नाही. संसर्गाच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं की हवा आत ओढली जाते. दाराशेजारच्या मापकाचा काटा पाहिल्याशिवाय आत जायचं नाही. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. ०.३ मायक्रॉनचे निदान ९९.९७ टक्के कण तो अडवतो. पिंजरे बदलायचे ते जैवसुरक्षा कपाटातच, म्हणजे आतली हवा गाळणाऱ्या बंदिस्त कपाटात. स्वच्छ खोल्या आधी, संसर्गाची खोली शेवटी, आणि तिथून परत स्वच्छ खोलीत जायचं नाही. जास्त धोक्याच्या विभागात कपडे आतच राहतात आणि अंघोळ करूनच बाहेर पडायचं.

मजा म्हणजे रोजच्या कामात आम्हाला जास्त धास्ती असते ती उलट्या दिशेची, बाहेरून आत काय जाईल याची. घरी उंदीर पाळायला कित्येक संस्थांत बंदी असते, कारण त्यांचे विषाणू कपड्यांवरून आत येऊ शकतात. सर्दी झाली असेल तर फेरेटच्या (मुंगसासारखा दिसणारा एक लांबुडका प्राणी) खोलीत जायचं नाही. माणसाचा फ्लू फेरेटला लागतो, हे १९३३ पासून माहीत आहे. माकडांच्या खोलीत काम करणाऱ्याची क्षयाची तपासणी होते ती माकडांसाठीही, माणसाचा क्षय त्यांना पटकन धरतो. आणि सगळ्या पिंजऱ्यांतला थोडाथोडा मळका भुसा ज्यांच्या पिंजऱ्यात टाकतात असे काही पहारेकरी उंदीर ठेवलेले असतात. कुठून काही शिरलंय का, ते त्यांच्या तपासणीतून कळतं.

आता सुरुवातीला म्हटलेलं ते तथ्य. घरी जाण्याजोगं खरंच काही असेल तर ते जंतू नव्हे, ॲलर्जीचे कण. उंदराच्या, विशेषतः प्रौढ नराच्या, लघवीत एक प्रथिन असतं. ते भुशावर वाळतं, धुळीबरोबर उडतं, केसांना आणि कपड्यांना चिकटतं. आधी शिंका, डोळ्यांना खाज, मनगटावर गांधी, आणि दुर्लक्ष केलं तर दमा. चांगले अनुभवी लोक यापायी काम सोडताना मी पाहिलेत. याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही, कारण 'ॲलर्जी' म्हटल्यावर कोण घाबरणार!

दगडाच्या काळजाबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण इथे आवाज चढतो. प्रत्येक अभ्यासाला आधीच ठरवलेली मर्यादा असते. प्राणी तिथवर पोचला की त्याला पुढे भोगू द्यायचं नाही. अनेक ठिकाणी वजनात २० टक्के घट ही ती रेघ, संसर्गाच्या अभ्यासात शरीराचं तापमान घसरणं ही दुसरी. तराजूवर उंदीर ठेवणारी आणि पशुवैद्यांना फोन करणारी मीच असते. आकडा १९ आहे, पण चेहरा सांगतोय की उद्यापर्यंत थांबू नये, अशा वेळी फोन लावायला दगडाचं काळीज उपयोगाचं नाही. हेही खरं की पुष्कळदा ज्याला महिनोनमहिने खायला घातलं त्यालाच शेवटी मरण देताना हातात धरावं लागतं, आणि अभ्यासाच्या शेवटी तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी गटातलेही वाचत नाहीत. ते कुणालाच सोपं जात नाही. झोप उडते, माणसं घुमी होतात, आणि बाहेर सांगायची सोय नसते, कारण बाहेर हा मजकूर आधीच पोचलेला असतो.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर जिथे पर्याय सापडलाय तिथे प्राणी गेलेच पाहिजेत, आणि जातही आहेत. इंजेक्शनमध्ये ताप आणणारे अंश आहेत का, हे एकेकाळी सशांवर तपासत. आता त्यातलं बरंचसं परीक्षानळीत होतं. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची असल्याची कायद्यातली अट काढली. बंदी घातलेली नाही. एका जिवाच्या फुप्फुसातून दुसऱ्याच्या फुप्फुसात क्षय कसा जातो हे विचारायचं असेल, तर बशीतल्या पेशी खोकत नाहीत.

राहिला सल्ला. पोराला किंवा पोरीला या नोकरीला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पाठवणार असाल तर मुलाखतीत त्यांनी हे विचारावं: मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी करता का? ॲलर्जीची तपासणी रुजू होताना आणि नंतर दरवर्षी होते का? भुसा उघड्यावर उपसतात की हवा ओढून घेणाऱ्या टेबलावर? चावा किंवा सुई लागली तर रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा? आणि प्राणी मर्यादेला पोचलाय असं टेक्निशियनने म्हटलं, तर त्या दिवशी कुणी ऐकतं का?