ब्रेक दिसले पाहिजेत

आधी अभिनंदन. १९६४ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ डेट्रॉइटच्या उपनगरातल्या तुमच्या गराजमध्ये येऊन उभी राहिली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबंही चिरडून झाली. मंडळातल्या दोघातिघांना चक्कर मारून आणलीत आणि त्यातल्या एकाने उतरताना, पट्टा सोडता सोडता, हळूच विचारलं, ‘ब्रेक जरा उशिरा लागतात का हो?’

लागतात. ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याला आवरायला साडेनऊ इंची चार ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे डबे, ज्यांना आतून लायनर घासतात. ही गाडी पळण्यासाठी बनवली होती. थांबायचं कसं हे ज्याचं त्याने बघावं. दोनतीनदा जोरात ब्रेक मारला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जात राहतं. जीटीओला पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे पॅडने दोन्ही बाजूंनी दाबायची उघडी चकती, १९६७ साली मिळू लागली, तीही जादा पैसे मोजून. जॅग्वार १९५३ सालीच डिस्कच्या जोरावर फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती, पण इंग्लंड केवढंसं, तिथे थांबावंच लागतं.

तेव्हा तुम्ही डिस्क बसवणार. उत्तम. तुम्ही दिवसभर ऑफिसात कुठल्यातरी कंपनीच्या एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचा, कोड तपासता, ‘हा व्हॉल्व्ह अडकला तर काय?’ या एका प्रश्नावर तीन तास मीटिंग घेता. ते डोकं ऑफिसातच ठेवून या. गराजमध्ये त्याचं काम नाही.

किट निवडताना पहिला निकष रंग. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, लाल असावा. खोक्यात काय काय आहे हे बघत बसू नका. डिस्क, कॅलिपर, पॅड आणि नळ्या दिसल्या की झालं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर नळ्यांतल्या द्रवाला देणारा पंप, नसलेलं किट स्वस्त पडतं, तेच घ्या. जुना आहे ना! तो एकाच टाकीचा आहे, चारही चाकं एकाच नळीवर. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात, म्हणजे नेमकं कुठलं चाक बिघडलं या संभ्रमाला जागाच राहत नाही. १९६७च्या मॉडेलांपासून अमेरिकन गाड्यांत सर्रास दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर येऊ लागला, तो भित्र्या लोकांसाठी. शिवाय ड्रमच्या जुन्या सिलिंडरमध्ये बहुधा एक बारीकसा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही नळीत सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, तिथे लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कचे पॅड मात्र तेवढ्यानेही चिकटून राहतात. म्हणजे तुम्ही ब्रेक न दाबताही ब्रेक लागलेला. इतकी सेवा दुसरं कोण देतं?

मागचे ड्रम तसेच ठेवायचे असतील तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह नावाची एक पितळी वस्तू सुचवली जाईल. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी तीच जाम होतात, म्हणून मागचा दाब कमी करायचा, असं काहीसं त्याचं शास्त्र. पण तो व्हॉल्व्ह बाहेरून दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर खर्च कशाला? ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू तुम्हाला ओलांडून पुढे गेली, तर ती तरी कधी बघायची?

आता बूस्टर. ड्रम फिरता फिरता लायनरला स्वतःच आत ओढून घेतो, पाचर बसल्यासारखा, त्यामुळे पायाला आयती मदत होते. डिस्क असली कसलीच मदत करत नाही, म्हणून व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर लावतात. त्याला इंजिनकडून पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम मिळाला की तो खूश. पण तुम्ही गेल्याच महिन्यात रेसिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकलात. गाडी उभ्या जागी गदागदा हलते, शेजारच्यांच्या खिडक्या थरथरतात, आणि व्हॅक्यूम निम्म्यावर येतो. तरीही मोठा क्रोमचा बूस्टर लावाच. बॉनेट उघडल्यावर झकास दिसतो. बाकी पायाची ताकद वाढवायला जिम आहे.

जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने फुंकू नका असं सांगणारे भेटतील, त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं म्हणून. तुम्ही फुंका, तेवढंच गराज १९६४चं वाटेल.

आपल्याकडे ब्रेकच्या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतात. म्हणजे ऑइलच की! फळीवर पॉवर स्टिअरिंगचं उरलेलं आहे, तेच ओता. आतली रबरं फुगून बसतील, मग सगळं पुन्हा नवं घ्यावं लागेल, आणि या वेळी लाल नाही तर पिवळा कॅलिपर घेता येईल.

यानंतर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायचा कार्यक्रम. त्याला दोन माणसं लागतात आणि शनिवारी दुपारी गराजमध्ये सापडणारं दुसरं माणूस म्हणजे वहिनी. त्यांना स्टिअरिंगमागे बसवा. तुम्ही गाडीखाली. ‘दाब!’ ‘दाबलं.’ ‘धरून ठेव!’ ‘धरलंय!’ तुम्ही कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करता, थोडे बुडबुडे येतात, निपल घट्ट. ‘सोड!’ ‘अहो, मी मघाशीच सोडलं.’ म्हणजे हवा पुन्हा आत. असं पहिल्या चाकाला पंधरा वेळा, दुसऱ्याला पंचवीस वेळा. पेडल तरीही ओल्या स्पंजसारखं. आवाज वाढतात. १९९८ सालच्या साखरपुड्यात कोण काय बोललं होतं ते निघतं. मग वहिनी पाय न काढता शांतपणे विचारतात, ‘हवा वर जाते ना? मग तुमचं ते निपल खालच्या बाजूला का आहे?’

कारण डावा कॅलिपर उजवीकडे लागलाय आणि उजवा डावीकडे. दोन्ही बसतात छान, अगदी कारखान्यातून आल्यासारखे, फक्त निपल खाली येतं आणि वरची हवा वरच राहते. किटच्या कागदावर हे लिहिलेलं होतं. तो कागद ऑइल टिपायला गेला. वहिनींना मात्र ‘मला माहीत होतं, तुला कळतं का ते बघत होतो,’ असंच सांगा.

कॅलिपर बदलून झाले की कळेल, मूळची १४ इंची चाकं त्यावर बसत नाहीत. आणि बसली असती तरी चकचकीत व्हील कॅपमागे लाल रंग कुणाला दिसला असता? तेव्हा १५ इंची जाळीदार चाकं, त्यांना नवे टायर. किटच्या किमतीत जे वाचवलं होतं ते इथे कामी येतं.

आता ऑगस्टचा तिसरा शनिवार. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, १९९५पासून चालत आलेली. रस्ता डेट्रॉइटहून निघून थेट पॉन्टिअ‍ॅक गावाला जातो, म्हणजे तुमच्या गाडीच्या माहेरी. दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्या टाकून लोक बसलेत. एक आजोबा वाकून चाकात बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, ‘चौसष्टला डिस्क नव्हती.’ त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. पोरं कॅलिपरचे फोटो काढताहेत, तिकडे बघा.

पुढचा सिग्नल पिवळा झाला. तुम्ही पाय ठेवलात आणि गाडी जागच्या जागी थांबली. पहिल्यांदाच. फक्त बूस्टर बसवताना पेडलवरचा ब्रेक लाइटचा स्विच जरासा सरकला होता, तो पुन्हा जुळवायचा राहिला. मागे १९६६ची शेव्हेल आहे. मालकाने चारही ड्रम मोठ्या प्रेमाने मूळचेच ठेवलेत.