किलो मोजणं बंद करूया

खाडीकाठची सफाई संपली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलो कचरा निघाला?" पेपरवाले हेच विचारतात, कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघणारे, हेच विचारतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला तर तिथेही हेच. नवी मुंबईत, ऐरोली-रबाळे बाजूला ठाणे खाडीच्या कांदळवनात स्वयंसेवकांना घेऊन आमचा छोटा गट काही वर्षं काम करतोय. माझं आता ठाम मत झालंय की या एका प्रश्नाने सगळ्या कामाची दिशा बिघडते. पोस्ट लांबेल, पण मला हे नीट सांगायचंय.

किलो मोजायचे म्हटले की माणूस साहजिकच जड वस्तूंकडे धावतो. भिजलेली गादी, चिखलाने भरलेली जीन्स, टायर. एक गादी ओढून काढायला पाच-सहा जण लागतात, तासभर जातो आणि काट्यावर आकडा छान दिसतो. तिच्या बाजूलाच तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाची, श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर उंच, एकेका झाडाभोवती शेकड्यांनी. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून हे झाड मुळं वर काढून हवा घेतं. भरतीबरोबर येणाऱ्या पातळ पिशव्या, दुधाच्या पिशव्या, वेफरची पाकिटं नेमकी या मुळांवर येऊन अडकतात, वर गाळ बसतो, आणि मूळ गुदमरतं. ही पिशवी काढायची तर उकिडवं बसावं लागतं. एका हाताने मूळ धरायचं, दुसऱ्या हाताने पिशवी अलगद वर सरकवायची. आडवी खेचली की मूळ कट्कन मोडतं. पिशवीला पीळ बसला असेल तर कात्रीच हवी. एका झाडापाशी अर्धा तास जातो आणि पोत्यात जमा होतं जेमतेम पाव किलो. थर्माकोलच्या दाण्यांचं तर वजनही लागत नाही. झाडाच्या दृष्टीने गादी आधी काढायला हवी की पिशवी? माझं उत्तर पिशवी.

आणि मोठ्या सफाया होतात कधी, तर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाला. तिवराची फळं पावसाळ्यात पिकतात, गळतात, पाण्यावर तरंगत जातात आणि जिथे टेकतात तिथे रुजतात. म्हणजे सप्टेंबरात कांदळवनाच्या कडेचा चिखल रोपांनी भरलेला असतो, दोन जाडसर पानं आणि बोटभर देठ, एवढीशी. त्यावरून दोनशे माणसं चालली तर काय उरणार? वाळूच्या किनाऱ्याचं गणित वेगळं आहे. वर्सोव्याला अफरोज शहा यांनी २०१५ पासून माणसं गोळा करून जे उभं केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तिथे मोठा जमाव लागतोच. वाळूवर शंभर पावलं उमटली तर पुढच्या भरतीला पुसली जातात. चिखलात तसं होत नाही. तिथे माणसं कमी हवीत, आणि तीच तीच हवीत.

तीच तीच का, ते सांगते.

खाडीत जायची वेळ घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. दिवागावच्या कोळीवाड्यातल्या काकांकडून आम्ही हिशेब शिकलो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. खाडीच्या आत, आमच्या बाजूला, पाणी चढायला थोडा उशीर लागतो एवढंच. आता 'शनिवारी सकाळी सात वाजता' म्हणून छापलेला कार्यक्रम अष्टमीला आला तर तिवरात गुडघाभर पाणी, मुळं दिसतसुद्धा नाहीत. पौर्णिमेच्या सकाळी सातला पाणी दूर गेलेलं असतं, पण त्या दिवशी उधाण, त्यामुळे नंतर येतं तेही झपाट्याने. काका काठावर उभे राहून ओरडतात, "पानी भरायला लागला, भायेर या!" नवीन माणूस म्हणतो, अजून पाच मिनिटं. जुना माणूस पोतं उचलून चालायला लागतो. हा फरक एका दिवसाच्या प्रशिक्षणाने पडत नाही.

या काकांबद्दल आणि त्यांच्यासारख्यांबद्दल आणखी एक बोलायचंय. स्वयंसेवक फुकट येतो, आपल्या हौसेने, आठवड्याच्या सुट्टीत. काका येतात तेव्हा त्यांची ती सुकती, म्हणजे ओहोटीची मासेमारी, बुडते, चिंबोऱ्यांची, कोळंबीची एक खेप जाते. त्यांना 'तुम्हीही आमच्यासारखे स्वयंसेवकच' म्हणून हारतुरे देणं मला पटत नाही. त्यांना दिवसाची मजुरी आणि होडीचं भाडं द्यायला हवं, आणि कुठून जायचं, कुठे पाय टाकायचा नाही, हे ठरवायचा अधिकारही. एका मोठ्या कंपनीची माणसं स्थानिक कुणालाच न घेता परस्पर उतरली होती. त्यांनी काठ्यांना बांधून ठेवलेलं एक जाळं कचरा समजून कापलं आणि पोत्यात भरलं. कागदावर ते 'समुद्री कचरा' म्हणून मोजलंही गेलं असेल. कोळीवाड्यातल्या एका घराचं मात्र त्यात सरळ नुकसान झालं, आणि पुढचे कित्येक महिने तिथे कुणाला टीशर्ट घातलेला स्वयंसेवक नजरेसमोर नको होता.

याच काकांनी एकदा बांधांबद्दल सांगितलं. या काठावरच्या आगरी-कोळी गावांची पूर्वी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भातशेती होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून उघाडी, म्हणजे बांधातली झडपेची दारं. बांधाला भगदाड पडलं की गावकीतून घरटी एक माणूस निघायचा, रात्र असो की पाऊस. शहर आलं, शेती गेली, बांधही गेले. पण मला त्यातली एक गोष्ट घ्यावीशी वाटते. तो माणूस 'पर्यावरणासाठी' जात नव्हता, आपल्या बांधासाठी जात होता. बांध कुठून कुठपर्यंत, तो कुठे कच्चा आहे, खेकड्याने कुठे पोखरलाय, सगळं त्याला ठाऊक असायचं.

म्हणून आम्ही काठाचे तुकडे पाडले. एका तुकड्याला सात-आठ माणसं. वर्षभर त्यांनी त्याच तुकड्यावर जायचं, दुसरीकडे नाही. सफाई करायची, पण मुख्य काम बघण्याचं. पाणी कुठपर्यंत आलं, नवीन रोपं कुठे आली, कुठलं झाड पिवळं पडतंय, चिखलात चिंबोऱ्यांची बिळं आहेत का, निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) दिसतात का, कुणी रात्रीतून डंपर रिकामा केलाय का.

याचा उपयोग काय, तर एका रस्त्यापलीकडचा तुकडा आमच्या एका मावशींकडे आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या, घरातून चालत दहा मिनिटांवर. त्यांच्या लक्षात आलं की रस्त्याच्या आतल्या बाजूचं पाणी हलत नाहीये. हिरवट साय धरलीय, तिवराची पानं पिवळी पडताहेत, बिळं बुजलीत. रस्त्याखाली पाइपाची मोरी होती, तिच्यातून भरती आत-बाहेर करायची. तक्रार केली. उत्तर आलं, प्रत्यक्ष पाहणीत अडथळा आढळला नाही. पाहणी झाली होती ओहोटीला. ओहोटीला बाहेरच्या बाजूला पाणी चढलेलंच नसतं, तेव्हा अडथळा दिसणार कसा? मावशींकडे दर पौर्णिमेला, भरतीच्या वेळी, त्याच विजेच्या खांबापाशी उभं राहून काढलेले फोटो होते. एका बाजूला पाणी रस्त्याच्या कडेला भिडलेलं, दुसऱ्या बाजूला तेच जुनं डबकं, महिन्यामागून महिने. त्या फोटोंसमोर कुणाचं काही चाललं नाही. साहेबांना भरतीला आणलं, मोरी साफ झाली, आतून निघाला इमारतीचा राडारोडा. पुढच्या पावसाळ्यात तिथे तिवराची रोपं आपली आपण आली. कुणी लावली नाहीत.

'कुणी लावली नाहीत' हे मुद्दाम लिहितेय. २६ जुलैला जागतिक कांदळवन दिन आला की रोपं लावायची मागणी सुरू होते. पाचशे लावू, हजार लावू, सोबत बॅनर. ठाणे खाडीत बी कमी नाही. पाणी पोहोचतं तिथे कांदळवन स्वतःहून वाढतं, उलट गाळ साचत गेल्याने ते खाडीतल्या चिखलपट्ट्यांवर पुढे सरकलंय. मग हौशी मंडळी रोपं कुठे लावतात, तर समोर मोकळ्या दिसणाऱ्या चिखलात. तो चिखल रिकामा नाही. पावसानंतर गुजरातकडून येणाऱ्या फ्लेमिंगोंचं ताट तेच आहे. छोटे फ्लेमिंगो तिथलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात, मोठे बारीक जीव खातात, आणि त्यांच्याबरोबर हजारो लहान पाणपक्षी त्याच पट्टीवर पोट भरतात. तिथे झाडी केली तर त्यांनी जायचं कुठे? तेव्हा रोपं लावायला नकार देणं हेसुद्धा संवर्धनाचंच काम आहे, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

कागदावर आपल्या खाडीला काही कमी नाही. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. २०१५ मध्ये १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. २०२२ मध्ये आजूबाजूच्या क्षेत्रासह ६,५२१ हेक्टर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं स्पष्ट सांगितलं, आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला, जमीन कुणाच्याही मालकीची असो. एवढं असूनही रात्री डंपर येतोच. वनरक्षक एका वेळी सगळीकडे असू शकत नाही. तिथे त्या तुकड्याचा माणूस लागतो, ज्याला कालचं आणि आजचं वेगळं दिसतं.

नेरूळच्या डीपीएस तलावाचंच बघा. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची पाणथळ जागा. खाडीचं पाणी तलावात यायच्या वाटा बंद झाल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो दगावले. हे जगाला कळलं ते तिथे रोज फिरायला जाणाऱ्या, पक्षी बघणाऱ्या माणसांमुळे. त्यांनी फोटो काढले, पत्रं लिहिली, पाठपुरावा सोडला नाही. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संरक्षित दर्जा द्यायला मान्यता दिली. या माणसांनी किती किलो कचरा उचलला, हे कुणी विचारलंय का?

कचऱ्याबद्दल एकच सांगते, कारण ते मनाला फार लागतं. आमच्याकडे पोत्यांमध्ये नेहमी देवांच्या तसबिरी निघतात. काचेसकट. घर बदललं, फ्रेम जुनी झाली, घरात ठेवायची नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून जाता-जाता पुलावरून खाडीत. भावना मला समजते. पण ती काच फुटते आणि चिखलात उभी रुतते, आणि कोळीणमावशी त्याच चिखलात अनवाणी खुबे (शिंपल्यातले जीव) वेचत असतात. आता आमची दोन माणसं सोसायट्यांमध्ये जाऊन एवढंच बोलतात. फ्रेम उकला, काच आणि लाकूड वेगळं द्या, कागदाचं घरच्या कुंडीत विसर्जन करा. दोन सोसायट्यांनी खालीच पेटी ठेवलीय. हे काम करायला चिखलात उतरावंही लागत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जरूर घ्यावं.

कंपन्यांचे फोन येतात तेव्हा मी हल्ली एकच मागते. दोनशे माणसं एका दिवसासाठी नकोत. सहा द्या, वर्षभर, तिथीप्रमाणे, आणि ती तिथी बुधवारी आली तर बुधवारी सुट्टी द्या. टीशर्टच्या पैशातून काकांची मजुरी द्या. अहवालात किलोऐवजी लिहा, मोरी वाहतेय की नाही, नवीन रोपं आली की नाही, तक्रार केली होती तिचं काय झालं. बहुतेक जण नंतर कळवतो म्हणतात. एका कंपनीने कबूल केलं, त्यांची सहा जणं येतात, त्यातल्या एका मुलीला आता निवट्याची आणि चिंबोरीची बिळं लांबून ओळखता येतात.

घणसोलीच्या बाजूला आमचे दोन तुकडे माणसांविना आहेत. तिथे राहणाऱ्यांनीच यावं, लांबून येणारा फार दिवस टिकत नाही. पुढच्या पौर्णिमेला सकाळी साडेसहाला निघायचंय. गमबूट आणू नका, चिखलात बूट राहतो आणि पाय वर येतो. घट्ट लेसचे जुने कॅनव्हासचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कात्री आणि पाणी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. आणि पहिल्या खेपेला पोतं मिळणार नाही, वही मिळेल.