टेरी प्रॅचेट वाचायचे ठरवले असेल, तर पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी, जादुई जगाच्या मालिकेत एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ साली आली आणि शेवटची २०१५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. एवढा ढीग समोर आला की वाचक साहजिकच पहिला क्रमांक शोधतो. मीही तेच केले, ‘द कलर ऑफ मॅजिक’ अर्ध्यावर सोडले आणि पुढे कित्येक वर्षे या लेखकाच्या वाटेला गेलो नाही. त्या वर्षांची मला आजही मनापासून हळहळ वाटते.

ते पुस्तक वाईट नाही. पण ते मुख्यतः त्या काळापर्यंतच्या तलवार-जादूच्या कथांचे विडंबन आहे, आणि ज्याने त्या कथा वाचलेल्या नाहीत त्याच्या हाती त्यातली निम्मीच गंमत लागते. शिवाय शेवटी नायक थाळीसारख्या सपाट असलेल्या त्या जगाच्या कडेवरून खाली पडतो आणि त्याचे पुढे काय झाले ते कळायला १९८६ सालचे दुसरे पुस्तक उघडावे लागते. अन्यायाविषयीची चीड आणि सामान्य माणसाविषयीची माया हे प्रॅचेट यांचे खरे बळ तिथे अजून पुरते उमललेलेच नाही.

मुळात ही एकच लांबलचक कथा नाही. जग एक, पण त्यात शहराचे पहारेकरी, चेटकिणी, जादूगार, मृत्यू असे कथांचे वेगवेगळे धागे आहेत. क्रम पाळायचाच असेल, तर तो एका धाग्यापुरता पाळावा.

माझे मत विचाराल, तर सुरुवात ‘गार्ड्स! गार्ड्स!’ या १९८९ च्या कादंबरीने करावी. अँख-मॉरपॉर्क या बकाल शहरातले रात्रीचे पहारेदल म्हणजे कुणाच्याही खिजगणतीत नसलेली मोजकी माणसे, आणि त्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स आपल्याला प्रथम भेटतो तो दारूच्या नशेत गटारात पडलेला. एक गुप्त मंडळ शहरावर ड्रॅगन सोडते आणि या हरलेल्या माणसाच्या आत दडलेला कर्तव्यनिष्ठ पोलीस हळूहळू जागा होतो. ड्रॅगनपेक्षाही, त्याच्यापुढे निमूटपणे मान तुकवणाऱ्या नागरिकांचे चित्रण मला अधिक अस्वस्थ करून गेले.

ज्यांना पोलिसी कथा आवडत नाहीत त्यांनी ‘मॉर्ट’ घ्यावे. त्यात साक्षात मृत्यू एका पोराला उमेदवारीवर ठेवतो. मृत्यूचे बोलणे मूळ इंग्रजीत अवतरणचिन्हांशिवाय, केवळ मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत छापलेले असते. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नसल्यामुळे अनुवादकाला तो आवाज कसा साधता येईल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. एकच पुस्तक वाचून थांबायचे असेल, तर ‘स्मॉल गॉड्स’ स्वतंत्रपणे वाचता येते.

मात्र ‘नाइट वॉच’ या २००२ च्या कादंबरीने सुरुवात करू नये, कितीही जणांनी तिला सर्वोत्तम म्हटले तरी. मलाही ती सर्वोत्तम वाटते. त्यात व्हाइम्स तीस वर्षे मागे जातो आणि स्वतःच्याच तरुण रूपाला पोलिसाचे काम शिकवतो. त्या कोवळ्या शिपायाकडे पाहताना त्याला काय वाटत असेल, हे गटारातल्या त्या कप्तानाला आधी भेटलेल्या वाचकालाच कळते.